घंटामनोऱ्यावर, तिकीट काढून

"अहो, मफलर विसरलात!" फंगयिंग दारातून ओरडली, तेव्हा वेई देफू अर्धा जिना उतरला होता.

"काळ्या येतोय, आणि तुला मफलर सुचतोय!"

"काळ्याला काय, तुम्ही मफलर घातलात तर ओळखू येणार नाही?"

काळ्या म्हणजे तांग मिंगहाय. दोघे शिआनच्या तटाला टेकलेल्या एकाच गल्लीत वाढले, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. अठराव्या वर्षी तांग दूर पश्चिमेकडच्या उरुमचीच्या ट्रॅक्टर कारखान्यात गेला आणि तिकडचाच झाला. मध्ये चाळीस वर्षं गेली. नववर्षाला पत्र, अलीकडे कधीमधी फोन, एवढंच उरलं. आता तो दक्षिणेला मुलाकडे कायमचा राहायला निघाला होता, आणि वाटेत शिआनला एक दिवस, फक्त एक दिवस, थांबणार होता. रात्रीची गाडी होती. गुडघे गेलेत, पुन्हा येणं व्हायचं नाही, हे त्याने फोनवर सांगून टाकलं होतं.

या एका दिवसासाठी वेईने चाळीस वर्षं एक गोष्ट राखून ठेवली होती. लहानपणी दोघे शहराच्या मधोमधल्या घंटामनोऱ्यात चोरून शिरायला जायचे आणि पहारेकऱ्याची लाथ खाऊन परत यायचे. तेव्हा त्यांनी शपथ घेतली होती : मोठे झालो की राजरोस, तिकीट काढून, दोघांनी मिळून चढायचं. त्यानंतर वेई रोज मनोऱ्याला वळसा घालून कामावर गेला, पण वर गेला नाही. तो कामाला होता त्या गिरणीने एकदा फुकट सहल नेली, तेव्हा सगळे वर गेले आणि हा खाली भाजलेलं रताळं खात उभा राहिला. लोक म्हणाले, वेईला उंचीची भीती आहे. वेईने म्हणू दिलं.

"तू फक्त तटाच्या दक्षिण दरवाजाशी ये," त्याने फोनवर तांगला सांगितलं होतं. "पुढची सगळी व्यवस्था माझ्याकडे. तू बोटसुद्धा हलवायचं नाहीस."

"मी लाल टोपी घालतो, म्हणजे ओळखशील," तांग म्हणाला होता.

मफलर घेऊन मागोमाग निघालेल्या फंगयिंगसह वेई पोहोचला, तेव्हा दरवाजाशी तिकीट-खिडकीजवळ लाल टोपी घातलेला एक साठीचा, काळासावळा माणूस बुटाची नाडी बांधत होता. वेईचा धीर सुटला. "काळ्या! अरे काळ्या!" असं म्हणत त्याने त्याला वाकलेल्या अवस्थेतच मिठी मारली आणि ढसाढसा रडला.

तो माणूस हनान प्रांतातला कुओ नावाचा शेतकरी होता. पर्यटन कंपनीच्या टोळीबरोबर आला होता आणि नाडी सुटली म्हणून मागे राहिला होता. टोळीतल्या सगळ्यांना कंपनीने लाल टोप्या वाटल्या होत्या. आता एखाद्याने सरळ सांगितलं असतं, की बाबा रे, तुझी चूक होतेय. पण कुओलाही गावात काळ्याच म्हणत. उन्हात वाढलेल्या पोराला दुसरं काय म्हणणार? शिवाय गेलं वर्षभर त्याची सून घरात सांगत होती, की बाबांना विसरायला होतं. समोर एक भला माणूस आपल्या गळ्यात पडून रडतोय, आणि आपल्याला त्याचं नावही आठवत नाही! सून खरं बोलत होती तर!

"कसा आहेस, भाऊ?" तो सावधपणे म्हणाला. भाऊ म्हटलं की नावाची गरज पडत नाही.

"अहो, यांची बोली हनानची वाटते," फंगयिंग नवऱ्याच्या कानाशी लागली.

"उरुमचीत निम्मा कारखाना हनानचा आहे. चाळीस वर्षांत बोली बदलायचीच."

तटावर चढल्यावर वेईचं तोंड सुरू झालं ते थांबेचना. इथे विटा निखळल्या होत्या, तिथून आपण चढायचो. इथे रातकिडे पकडून त्यांची झुंज लावायचो. तुझ्या किड्याने माझ्या किड्याचा पाय तोडला, आठवतं? कुओ म्हणायचा, "आठवतं तर!" आणि खरंच, थोडं थोडं आठवायलाही लागलं. त्यानेही रातकिडे लढवले होते. त्यालाही रेशनच्या कुपनाच्या रांगेत उभं असताना झोप लागली होती. त्याच्या आईनेही मोठ्या भावाचा कोट उसवून त्याला शिवला होता. दुपारपर्यंत दोघांनी मिळून एक संपूर्ण बालपण उभं केलं, आणि ते दोघांनाही पसंत पडलं.

"तुम्ही त्यांना बोलू द्या की जरा," फंगयिंग म्हणाली.

"तो लहानपणापासून अबोलच आहे."

मग घंटामनोरा. पायरीशी वेई थांबला, अंगातला कोट नीट केला आणि काळ्याचा हात हातात घेतला. वर गेल्यावर दोघांनी मिळून घंटेसमोर टांगलेला ओंडका ओढून घंटेवर हाणला. नाद छातीत उतरला. वेईच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुओच्याही आलं, आपण या माणसाला कसे काय विसरलो, या शरमेने.

घोळ उघडा पडला तो जेवणाच्या टेबलावर. मटणाच्या रश्श्याच्या दुकानात नेहमीप्रमाणे प्रत्येकापुढे रिकामा वाडगा आणि कडक भाकरी आली; ती हाताने चुरून दिली की आचारी त्यावर रस्सा ओततो. वेई आणि फंगयिंग गप्पा मारत भाकरी चिमटू लागले, मुगाच्या दाण्याएवढी. अर्धा तास लागला तरी चालेल, पण त्याहून मोठा तुकडा वाडग्यात टाकणं म्हणजे आचाऱ्याचा अपमान. कुओने भाकरीचे टराटरा चार तुकडे केले आणि वाडगा पुढे सरकवला.

वेईचे हात थांबले. शेजारच्या टेबलावरच्या माणसानेही वळून पाहिलं.

"काळ्या," वेई हळू आवाजात म्हणाला, "माणूस बोली विसरेल, बायकोचं नाव विसरेल. पण तटाच्या आत जन्मलेला माणूस भाकरीचे चार तुकडे करेल?"

"मी कुठला तटाच्या आतला? मी हनानचा, झोऊकोऊचा."

"तू तांग मिंगहाय नाहीस?"

"मी कुओ."

वेईचा चेहरा पांढराफटक पडला. कुओचा मात्र उजळला. "म्हणजे आपण आज पहिल्यांदाच भेटतोय? म्हणजे मी तुम्हाला विसरलेलो नाही?" तो खुर्चीवरून उठलाच. "फोन कुठाय इथे? सुनेला सांगतो!"

"सून गेली खड्ड्यात! माझा काळ्या कुठाय?"

फंगयिंगने डोकं शांत ठेवून कुओच्या गळ्यातली दोरी धरून स्वेटरखालचा बिल्ला ओढून काढला. त्यावर पर्यटन कंपनीच्या गाईड पोरीचा मोबाइल नंबर होता. दुकानाच्या फोनवरून वेईने तो फिरवला.

"आमची माणसं पूर्ण आहेत," पोरगी ठसक्यात म्हणाली. "मी सकाळपासून तीनदा टोप्या मोजल्यात."

"त्यातला एक माझा आहे! तांग मिंगहाय!"

थोडी खुडबुड झाली आणि फोनमधून आवाज आला, "वेई? अरे, केवढा खर्च केलास माझ्यासाठी! बस काय, झेंडा घेतलेली पोरगी काय! मी नको नको म्हणत होतो, पण ती म्हणाली, आजोबा, गुपचूप रांगेत चला. आता राजाच्या थडग्यातले मातीचे शिपाई बघतोय. पण तू कधी येणार?"

पाच वाजता बस मनोऱ्यापाशी परत आली. एक लाल टोपी उतरली आणि एक चढली. कुओने वेईला मिठी मारली, सकाळपेक्षा घट्ट, आणि खिडकीतून हात हलवत राहिला.

मग वेईने खऱ्या काळ्याकडे पाहिलं. केवढा वाळला होता! आणि आश्चर्य म्हणजे दिवसभर चाललेल्या वेईच्या तोंडातून शब्द फुटेना. तांगच्या गाडीला अडीच तास होते.

"चढायचं ना?" तांगने मनोऱ्याकडे बोट दाखवलं. "ठरलं होतं."

"म्हणजे काय! चाळीस वर्षं थांबलोय," वेई म्हणाला आणि बायकोकडे असं पाहिलं, की तिने तोंडात आलेलं वाक्य गिळलं. दुसऱ्याच माणसाबरोबर शपथ खर्चून बसलो, हे काळ्याला कळलं तर तो आयुष्यभर मनात ठेवेल. आणि आता आयुष्य उरलंय किती?

तिकिटं काढली. "पायऱ्या उंच असतील नाही?" वेई म्हणाला. "असतील बुवा, मला काय माहीत?" तांग म्हणाला, आणि अंधारातल्या पहिल्या उंच पायरीवर न चाचपडता बरोबर पाय टाकला.

दारावरच्या बाईने तिकिटं फाडता फाडता दोघांना निरखलं. "आजोबा, परत आलात? दुपारी दुसऱ्या लाल टोपीबरोबर रडत होतात ना तुम्ही?"

वेईचे कान लाल झाले. पण बाई थांबायला तयार नव्हती. ती तांगकडे वळली. "आणि तुम्ही तर सकाळी त्या झेंडेवालीच्या टोळीत होतात. सगळे उतरले तरी हे कठड्याला धरून उभे. माझा मित्र वर येणार आहे म्हणे, त्याने सगळी व्यवस्था केलीय. पोरगी ओढत घेऊन गेली हो!"

वेई पायरीवरच तांगकडे वळला.

"तू किती वेळ थांबला होतास?" वेईने विचारलं.

"जाऊ दे रे," तांग म्हणाला. "हात धर माझा, पुढची पायरी वाईट आहे."

ते वर पोहोचले तेव्हा खालच्या चारही रस्त्यांवर दिवे लागत होते. त्यांची गल्ली कुठे होती ते शोधायचा दोघांनी प्रयत्न केला. तिथे आता मोठं दुकान होतं, आणि ते दोघांनाही दिसलं. फंगयिंगने दोघांच्या गळ्यात मिळून एकच मफलर अडकवला.

तांग म्हणाला, "सकाळी इथून काही एवढं छान दिसत नव्हतं."

"दुपारीही नव्हतं," वेई म्हणाला.