जिलबी किनारीखालचं नाव

गद्रे सर समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून बोलत नाहीत, तिच्या साडीच्या किनारीकडे बघून बोलतात. आमची ओळख होऊन वर्ष झालं तरी मी सलवार-कमीजमध्ये रस्त्यात भेटले की सर मला ओलांडून सरळ पुढे निघून जात. साडीत असले की मात्र थांबत आणि "काय, आज शाळा लवकर सुटली वाटतं?" असं अगदी आपुलकीने माझ्या किनारीला विचारत.

इंदुरात बडा गणपतीजवळच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. सर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि आता स्वतःच्या मनासारखं संशोधन करत होते. विषय होता मिलच्या लुगड्यांच्या किनारींचा इतिहास. कोणती नक्षी कशावरून निघाली, कोणती बाजारात चालली, कोणती पडली आणि मुळात ती काढली कोणी. माहेश्वरीवर आणि चंदेरीवर लिहायला विद्वानांची रांग लागलीय, असं ते म्हणत, पण निम्म्या माळव्याने रोज नेसलं ते मिलचं स्वस्त लुगडं कोणालाच दिसलं नाही.

हे सगळं चाललं होतं ते नेमकं इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडत होत्या तेव्हा. फाटकासमोर ताडपत्री बांधून कामगार बसलेले, बाजारात सुरतेच्या छापील सिंथेटिक साड्यांचे ढीग आणि घरोघर केबलच्या तारा. कोणी म्हणालं की सर, मिलला ताला लागला, आता इतिहास कशाला, तर ते शांतपणे म्हणत, "चालू होती तेव्हा म्हणालात, चालूच आहे, इतिहास कशाला. मग लिहायचा कधी, ते तरी सांगून ठेवा."

या नादापायी एकदा खजरान्याच्या गणपतीच्या देवळात मार खायची वेळ आली होती. दर्शनाच्या रांगेत पुढच्या म्हाताऱ्या बाईंच्या पदरावर सरांना एक जुनी किनार दिसली. ती नीट बघता यावी म्हणून ते वाकले, मग उकिडवे बसले, आणि रांग सरकली तसे तसेच बसल्या बसल्या सरकू लागले. बाईंच्या मुलाने खांद्यावर हात ठेवून विचारलं, "क्यों भिया, क्या चल रिया है?" सरांनी मान वर न करता सांगितलं, "बिलकुल ओरिजिनल है. आज़ादी के पहले का काम है." मुलाला वाटलं हे आपल्या आईबद्दलच बोलताहेत.

त्या दिवसापासून नलूकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, नियम केला की लुगड्यांच्या संशोधनाला सरांनी एकटं जायचं नाही. काकूंचे गुडघे दुखत, त्यामुळे सोबतीला मी. अशी मी फुकटात संशोधक झाले.

सरांचा दुसरा गुण म्हणजे आधार. कोणतंही विधान त्यांच्यासमोर करा, ते भुवई उचलून एवढंच विचारत, "आधार?" आज मंगळवार आहे म्हटलं तरी आधार. एकदा काकूंनी दूध नासल्याचं सांगितलं तेव्हाही त्यांनी आधार मागितला. काकूंनी त्याच दुधाचा चहा करून दिला.

सरांचं एक स्वप्न होतं. विलायतेतून वस्तूंच्या घडणीच्या इतिहासाचं एक त्रैमासिक निघे, त्यात आपला लेख छापून यावा. लेख जिलबी किनारीवर होता. लाल पट्टीवर एकात एक अडकलेली वेटोळी आणि प्रत्येक वेटोळ्याला एक बारीक पान, अशी ती नक्षी. बायकांनीच तिला जिलबी नाव दिलं होतं आणि एके काळी मिलच्या चाळींत ती घरोघर होती. सरांचं अक्षर स्वतः सरांनाही लागत नसे, म्हणून नेहमीप्रमाणे काकूंनी सगळा लेख स्वच्छ उतरवून दिला, तेव्हा कुठे टायपिस्टने हातात घेतला.

अशा ठिकाणी लेख दोन परीक्षक तपासतात आणि त्यांची नावं लेखकाला कळवत नाहीत. सर त्यांना 'पहिले' आणि 'दुसरे' म्हणत. पहिले भले गृहस्थ होते, त्यांना लेख आवडला होता. दुसरे मात्र दर पत्रात काहीतरी काढत. घरात "दुसऱ्यांचं काय म्हणणं?" असं काकू पोस्टमनसमोरही विचारू लागल्या. त्यांच्या मते दुसऱ्यांना अ‍ॅसिडिटी होती आणि घरी कोणी धड जेवायला घालत नसावं.

दुसऱ्यांची शेवटची शंका किनार काढणाऱ्याबद्दल होती.

सरांनी तो माणूस शोधून काढला होता, म्हणजे त्याचं घर. मी सोबत होतेच. मिलच्या नक्षीखात्यातले रामभाऊ सोनवणे मिल बंद पडायच्या आधीच वारले होते. चाळीत त्यांच्या पत्नी यमुनाबाई होत्या. जिलबी किनार आपल्या नवऱ्याने काढली, असं त्यांनी सांगितलं. सरांची भुवई सवयीने वर गेली. कागद, चिठ्ठी, सही? काही नव्हतं. मिलमध्ये नक्षीवर काढणाऱ्याचं नाव घालायची पद्धतच नव्हती.

"जेवायला बसले की पाटावर पाणी सांडायचे, साहेब, आणि बोटाने तेच काढत बसायचे," यमुनाबाई म्हणाल्या. "मी ओरडायची, भाकर थंडी होऊन राहिली. एक दिवस पान काढलं न् म्हणे, आता झाली. महिन्याभरात दुकानात आली ना ती."

सरांची भुवई खाली आली. घरी येऊन त्यांनी लेखात रामभाऊंचं नाव घातलं. दुसऱ्यांनी लिहिलं की पाटावरच्या पाण्याला पुरावा म्हणता येत नाही, त्यातून सांगणारी घरचीच. बाकी लेख उत्तम आहे. चित्राखाली 'नक्षीकार अज्ञात' असं घाला, म्हणजे लगेच छापू.

मला वाटलं, सर घालतील. जन्मभर आधार मागितलेला माणूस, दुसऱ्यांचं म्हणणं त्याला तंतोतंत पटायला हवं होतं. आणि पटलंही होतं, तेच तर दुखणं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेख परत मागवल्याचं पत्र टाकलं. काकूंना म्हणाले, "नाव माहीत असताना अज्ञात कसं लिहू? झोप लागेल का मला?"

मग तो लेख मराठीत झाला, काकूंनी पुन्हा स्वच्छ उतरवला आणि इथल्याच एका मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात आला, खरवसाची कृती आणि वधू-वर सूचना यांच्या मधोमध. विलायत हुकली म्हणून मी हळहळले, पण सर मजेत होते. अंक हातात पडताच मला म्हणाले, चला, चाळीत जाऊ.

यमुनाबाईंनी चष्मा लावला आणि चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. 'जिलबी किनार. नक्षीकार रामभाऊ सोनवणे. आधार : त्यांच्या पत्नीने सांगितलेली आठवण.' वाचून त्यांनी पदराने पान पुसलं, पान स्वच्छच होतं तरी. सर एवढे खूष होते की त्यांनी किनारीकडे न बघता बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"ह्यांचं नाव या आधी एकदाच छापलं होतं, साहेब," यमुनाबाई म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या पत्रिकेत. माझं पण होतं त्यात, ह्यांच्या बाजूला."

तक्रार नव्हती ती. त्या आपल्या आठवण सांगत होत्या आणि लगेच चहा ठेवायला उठल्याही. पण सरांनी अंक पुन्हा उघडला, ती ओळ पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला. चहा त्यांनी कसाबसा घेतला.

परतताना टेंपोत त्यांनी अंक मांडीवर उघडाच ठेवला होता. घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "तो पत्रिका छापणारा माझ्यापेक्षा बरा संशोधक होता. त्याने दोन्ही नावं दिली."

मला त्यांची फार कीव आली आणि फार मायाही वाटली. अज्ञात या एका शब्दापायी विलायत सोडणारा हा माणूस, आणि जिच्या शब्दावर लेख उभा, ती त्याच्याच हातून नुसती 'पत्नी' राहून गेली होती.

घरी आल्यावर त्यांनी मानधनाऐवजी मिळालेल्या अंकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला, पेन काढलं आणि प्रत्येक प्रतीत त्या ओळीशेजारी 'यमुनाबाई सोनवणे' असं लिहायला बसले. अक्षर लागावं म्हणून जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखे गिरवून लिहीत होते. काकू पलीकडे बसून मेथी निवडत होत्या. मी प्रती उघडून देत होते.

गठ्ठा संपत आला तेव्हा सर थांबले. लेखाच्या शेवटी त्यांचं स्वतःचं नाव होतं, त्याच्या खाली मोकळी जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं, 'हस्तलिखिताची प्रत :' आणि पेन तसंच धरून काकूंकडे बघितलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. "कुसुम की नलिनी?"

काकूंचं माहेरचं नाव कुसुम होतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लग्नात बदललं तेव्हापासून ते नाव सगळं घर विसरून गेलं असणार. मेथी निवडायची थांबली. काकूंनी मान पुढे करून ती मोकळी जागा बघितली.

"दोन्ही लिहा," त्या म्हणाल्या. "कुसुम आधी लिहा. ती आधी होती."