भिंतीपलीकडची हजेरी

माझं अक्षर वाकडं, शुद्धलेखन कच्चं; आधीच माफी मागते. मोहगावच्या शाळेत चौथी झाले. पाचवीत महिनाभर गेले आणि भावाला सांभाळायला घरी बसले. पण देवरावकाकाजींबद्दल लिहावंसं वाटतं.

मध्य प्रदेशातल्या सौंसरला आमच्या शेजारी राहणारे काकाजी रोज सकाळी दहाला अंगणात लोखंडी पट्टी ठोकून घंटा देतात. मग स्वतःच पुकारतात, "देवराव!" आणि स्वतःच ओरडतात, "हजर!" मोबाइल माठाला टेकवून फुकटचा ऑनलाइन कोर्स सुरू. मोहगावच्याच शाळेत जन्मभर चपराशी होते. घंटा त्यांनी वाजवायची, वर्गात दुसऱ्यांनी जायचं.

मोबाइलसमोर तासभर उभेच राहत.

"काकाजी, बसा ना," मी भिंतीवरून म्हणायची.

"बाई उभी हाय, अन् मी कसा बसू वं?"

नेट अडकलं, बाईचं तोंड उघडंच राहिलं, की म्हणत, "थांब, बाई विचार करून राहिली."

तारे, हत्ती, जपानी घरं, सगळे कोर्स अर्धवट. खाली हिंदी अक्षरं धावत, चष्मा सापडेपर्यंत निघून जात. काकू गेल्यापासून चष्मा शोधून देणारंही कोणी नाही.

मग मातीचा कोर्स लागला. परदेशातली बाई हातमोजे घालून मातीला हात लावायची! मी भिंतीअलीकडे लसूण सोलत ऐकायची. लसूण संपला तरी सालं चिवडत बसायची. पलीकडे जावंसं फार वाटे. धीर होत नसे.

काकाजी प्रश्न मोठ्यानं वाचत. "काळ्या मातीले भेगा काउन पडते?"

"पाणी पिऊन फुगते, वाळली का आखडते," मी बोलून जायची. संत्र्याच्या बागेत मजुरी केलेली, एवढं कळतंच.

"बरोबर! हिरवी खूण आली!"

शेवटी एक दिवस म्हणाले, "पोरी, आठशे रुपये दे. शिकणं फुकट, पण सर्टिफिकेटाले पैसे लागते." मजुरीतले साठवलेले दिले. पेन्शन आली की ते दर महिन्याला शंभर परत देत.

आज घंटा झाली. "देवराव!" "हजर!" आणि मग, "सुमन!"

मी दचकले. पुन्हा, "सुमन!" पदर सावरत पलीकडे गेले. काकाजींनी एक इंग्रजी कागद, मातीच्या कोर्सचं सर्टिफिकेट, पुढे केला, एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुह्यं नाव."

"कोर्स तर तुमचा ना?"

"मी नुसती घंटा वाजवली. उत्तरं कोनाची होती?" मग म्हणाले, "पाचवीत तुह्यं नाव काटलं, ते रजिस्टर हेडमास्तरकडे मीच नेलं होतं. शाळा तवाही फुकटच होती, पोरी, तरी तुह्यी सुटली."

मी म्हटलं, "कागद माझा, तर पैसेही माझेच. राहू द्या."

"फी मोठ्या मानसानं भरायची असते. म्हनूनच पैसे फिटेपर्यंत कागद माह्यापाशी ठेवला." त्यांनी शंभराची आठवी नोट माझ्या मुठीत कोंबली.

आठशे पुरे फिटले. माठाजवळ नवा कोर्स सुरू झाला होता. आम्ही दोघंही उभेच होतो. बाई अजून बसली नव्हती.