परात, पळी आणि कुमुदवहिनी

कुमुदवहिनी चिटणीस व्हिडिओ काढायच्या आधी घसा खाकरतात. मग मोबाइल डाव्या हातात, वस्तू उजव्या हातात, आणि पूर्वी आपण ट्रंककॉलवर बोलायचो तेवढ्या जोरात, "ही परात. परात. नीट बघून घ्या." परात सावकाश गोल फिरते. चेहरा कधी दिसत नाही. दिसतो तो एक हात, त्यातली बांगडी आणि निम्म्या पडद्यावर आलेला त्यांचा अंगठा. झालं, व्हिडिओ संपला. तो आमच्या ग्रुपवर येऊन पडतो.

ग्रुप म्हणजे आमच्या फरीदाबादच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींचा. बरीचशी पोरं पुण्या-मुंबईची, आयटीतली. आमच्यासारखी म्हातारी घरं थोडी, सरकारी नोकरीपायी दिल्लीला आलेली आणि रिटायर झाल्यावर या नव्या टॉवरांत फ्लॅट घेऊन बसलेली. चिटणीस आणि आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत एकाच जिन्यात राहायचो. तेव्हा या वहिनी, कोणी फोटोला बोलावलं की स्वयंपाकघरात पळायच्या. आणि आता रोज सकाळी यांचं सुरू. ही पळी. हा डाव. ही उशी, आणि हा उशीचा अभ्रा. मध्येच भाजीवाल्याच्या गाडीसमोर उभ्या राहून, "हे दोडकं."

भाजीवाला म्हणाला, "माताजी, तोरई है। लेनी है या शूटिंग करनी है?"

"दोनों," वहिनी म्हणाल्या, आणि अर्धा किलो घेतलं.

गणपतीत तर आरतीचं तबक तयार, मंडळी टाळ्या वाजवायच्या बेतात, आणि वहिनी आपल्या पुढे सरसावल्या. "हे निरांजन. हे ताम्हन. ही घंटा. वाजवून दाखवा हो जरा." गुरुजींनी वाजवून दाखवली. काय करणार बिचारे.

आम्हां सगळ्यांचा समज असा, की वहिनी सोसायटीतल्या मुलांना मराठी शिकवताहेत. आमच्या इकडच्या मुलांचं मराठी तुम्हाला माहीत नाही. 'आजी, चम्मच दे ना' म्हणतात. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांनी कौतुकाने अंगठे आणि फुलं पाठवली. पण कौतुकालाही काही मर्यादा असते. एकदा अनिरुद्धने ग्रुपवर लिहिलं, की दुपारी पाणी जाणार आहे, भरून ठेवा. ते बिचारं पाणी सूप, रोवळी, चाळण यांच्या खाली कुठे दडपलं गेलं कोणाला कळलंच नाही. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी डोक्याला शाम्पू लावून बसली होती. संध्याकाळपर्यंत तशीच.

अनिरुद्ध म्हणजे आमचा ग्रुप चालवणारा. गुणी मुलगा आहे. तो माझ्याकडे आला. "मावशी, तुम्हीच सांगा ना यार त्यांना. मी सांगितलं तर वाईट दिसेल. नाही थांबल्या तर मला त्यांना ग्रुपमधून काढावं लागेल."

मी म्हटलं, सांगते. त्यात काय.

गेले त्यांच्याकडे. चिटणीससाहेबांना थंडीत अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. हातपाय सुधारले, पण ते कोणाला भेटत नसत. पाहुणा आला की आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, अशक्तपणा असेल. त्या दिवशीही दार लोटलेलंच होतं. वहिनी ओट्यापाशी. मला खूण केली, थांबा. घसा खाकरला. "हे उलथनं. उलथनं. नीट बघून घ्या." पाठवला व्हिडिओ.

आणि मी बोलायला तोंड उघडणार, तर आतल्या खोलीतून वहिनींचाच आवाज आला. "हे उलथनं." बंद झाला. परत, "हे उलथनं." मग एक पुरुषी आवाज, कोणीतरी जड दगड सरकवतंय तसा, "उ… उल…" मग पुन्हा वहिनी, फोनमधल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नळ थोडा सोडला आणि पाण्याच्या आवाजाखाली बोलल्या.

"वस्तू ओळखतात हो मालतीताई. काय करायची तेही कळतं. नावच येत नाही ओठावर. हॉस्पिटलात एक बाई चित्रं दाखवायची, बोलो अंकल, सेब. यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. सगळी नोकरी दुसऱ्यांचे ड्राफ्ट सुधारण्यात गेली ना. मी घरी शिकवायला बसले तर वाटी भिरकावली."

"मग त्यांच्या एकट्याच्या फोनवर पाठवा की."

"म्हणजे त्यांना कळेल, की हा धडा त्यांच्यासाठी आहे. ग्रुपवर टाकलं की ते सगळ्यांसाठी असतं. मग दार लावून बघतात. मी बघितलेलं त्यांना कळू देत नाही."

"मी अनिरुद्धला समजावते."

"नको." त्यांनी माझा हात धरला, ओला होता. "तो चांगलाच आहे, म्हणून ग्रुपवर काहीतरी चांगलं लिहील. हेही ग्रुपवर आहेत, मालतीताई. एवढं कोणी लिहिलं, की संपलं. मग हे काहीच बघणार नाहीत."

मी घरी आले. अनिरुद्धला म्हटलं, "राहू दे रे त्यांना."

"पण का, मावशी?"

आता काय सांगणार. म्हटलं, "असंच." 'असंच'वर ग्रुप चालत नाही, हे मलाही कळतं. त्याने सगळ्यांना उद्देशून नोटीस टाकली, यापुढे फक्त कामाचे मेसेज. कोणाचं नाव घेतलं नव्हतं. वहिनींनी मुकाट्याने व्हिडिओ थांबवले. ग्रुप कसा स्वच्छ झाला. पाणी, पार्किंग, लिफ्ट. मी जिन्यात त्यांना भेटले तर म्हणाल्या, "सकाळी फोन हातात घेतात, बघतात, आणि ठेवून देतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थालीपिठासाठी दुधी किसत होते. किसायचं थांबवलं, हात पुसला आणि ज्यावर किसत होते त्याचाच फोटो काढला. तोही दुधीसकट, ओल्या ओट्यावरचा, वाकडातिकडा. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मंडळी, याला मराठीत काय म्हणतात? आयुष्यभर दिल्लीत कद्दूकस कद्दूकस करत आले, आपला शब्द आठवेना. काम अडलंय. कोणीतरी सांगा."

अनिरुद्धच्या बायकोने लगेच लिहिलं, "ग्रेटर, मावशी." कोणीतरी हसणारं तोंड पाठवलं. एकाने लिहिलं, आमच्याकडेही कद्दूकसच. मग सगळे ऑफिसला गेले असणार. मी उरलेला दुधी चिरायला घेतला.

फोन वाजला. चिटणीससाहेबांचं नाव. त्यांनी ग्रुपवर आवाज पाठवला होता. मी फोन कानाला लावला. आधी नुसता पंखा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि श्वास, बराच वेळ.

"कि." थांबले. "कि… स… णी."

कुठेतरी मागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, अगदी हळू.

अनिरुद्धने ऑफिसातून लिहिलं, "थँक यू, काका. आम्हालाही माहीत नव्हतं."

त्यावर थोड्या वेळाने दुसरा निरोप आला. या खेपेला श्वास कमी लागला होता.

"आणखी… विचारा."

मी सुरी बाजूला ठेवली आणि ओट्याखालचा खण ओढला.