परब काकूंचं मातीचं विरजण

लिफ्ट बंद पडली, पाणी गेलं, तरी परब काकू शांत असतात. पण कुणाच्या हातात फावडं दिसलं की त्यांचा रक्तदाब वाढतो. माळी नुसता वाकला तरी ओरडतात, "खणू नको रे मेल्या, खाली संसार आहे."

मुलुंडची आमची तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर झाला. काकूंना बाराव्या मजल्यावर घर मिळालं. जुन्या अंगणाची माती यंत्राने उपसून नेली आणि ट्रकमधून लाल माती आणून बाग केली. पण बाग काही होईना. माळी दर महिन्याला वाफे उकरायचा, खत ओतायचा. जास्वंद पिवळी पडायची. मग नवी यायची, तीही पिवळी पडायची.

काकूंचं निदान पक्कं होतं. "नुसतं दूध ठेवलंय. विरजण घातल्याशिवाय दही लागतं काय?"

विरजण म्हणजे मागच्या भिंतीजवळच्या बकुळीखालची माती. तिथपर्यंत यंत्र पोचलं नव्हतं. काकू ती बारीक मुळांसकट वाटीत भरायच्या आणि प्रत्येक जास्वंदीच्या बुडाशी चमचा चमचा घालायच्या, काहीतरी पुटपुटत. हे कॅमेऱ्यात दिसलं आणि इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ही करणी आहे का?"

सेक्रेटरी नेन्यांनी मीटिंग बोलावली. सगळी बाग पुन्हा खणून लॉन घालायचं घाटत होतं. काकूंनी मला ओढत नेलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यात विषय वनस्पतिशास्त्र. त्यामुळे झुरळांपासून इन्कम टॅक्सपर्यंत सगळं मलाच विचारतात.

मी उभी राहिले. "म्हणजे... मातीत एक उपयोगी बुरशी असते. तिचे धागे मुळांना जोडलेले असतात. ते झाडाला पाणी, अन्नद्रव्यं आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. माती उपसली, सारखी खणली की धागे तुटतात. जुन्या मातीतून ते परत येऊ शकतात. काकूंचं बरोबर आहे, बहुतेक."

"ते बहुतेक काढ गो," काकू म्हणाल्या.

"बुरशी?" नेने दचकले. "आत्ताच रंग दिलाय भिंतींना."

"ती भिंतीला नाही धरत, काका. मुळांना धरते."

"आणि परबबाई, तुम्ही पुटपुटता काय?"

"माळ्याला शिव्या घालते. मोठ्याने घातल्या तर तुमचीच तक्रार."

सगळे हसले आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारचा एक वाफा काकूंना मिळाला. तिथे कुणी खणायचं नाही. गणपतीपर्यंत फुलं आली नाहीत तर तिथेही लॉन.

त्या दिवसापासून काकू वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्यांना हाकलायच्या. "हळू बोला, खाली धागे विणतायत." बुरशीला कान नसतात, असं मी भीत भीत सांगितलं. "तुझ्या पुस्तकातल्या बुरशीला नसतील," त्या म्हणाल्या.

गणपतीला त्या गावीही गेल्या नाहीत. मालवणी माणसाने गणपती चुकवावा, तोही वाफ्यापायी. दोन जास्वंदी मेल्याच. बाकीच्यांनी मात्र मूळ धरलं, आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात डब्यांशेजारी लाल फुलं दिसू लागली. नेने इतके खूश झाले की त्यांनी 'फुले तोडू नयेत' असा बोर्ड लावला. दुसऱ्या सकाळी बोर्ड गायब. नेने आणि मी सगळीकडे शोधला. काकू खुर्चीतून शांतपणे बघत होत्या.

नेने गेल्यावर एक अनोळखी बाई परडी घेऊन आली, इकडेतिकडे बघत. आता हिची वाट लागली, असं मला वाटलं. पण काकू चक्क उठल्या आणि आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली. खुर्चीवर बोर्ड होता. त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला.

"फुलांसाठी तरी कोणी खाली येतं गो," त्या हळूच म्हणाल्या. "जुन्या घरी माझं दार जिन्यापाशी होतं. येता-जाता सगळे डोकावायचे. बाराव्यावर कोण डोकावतं?"

मग त्या बाईकडे वळल्या. "कितव्या मजल्यावरची तू? बस ना. फुलं कुठे पळून जात नाहीत."