गळ्यातला पट्टा

आमच्या काशानं चिंचणीला एका लग्नात नवऱ्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढलाय. नवऱ्याच्या गळ्यात फुलांचा हार, आनि काशाच्या गळ्यात कुट्टी मशीनचा पट्टा. काळा, रबराचा, चार बोटं रुंद, गळ्याला दोन वेढे देऊन छातीवर सोडलेला. नवरीच्या मावशीनं इचारलं, "ह्ये कोन, नवऱ्याचे मामा का?" मागनं कोनतरी बोललं, "मामा नाय, मशीनचा बाप हाय तो."

तुमाला वाटंल मानूस येडा हाय. वाटू द्या, गावाला पन तसंच वाटतं.

काशाचं मशीन दोन चाकांवर हाय. मागं डिझेलचं इंजीन, पुढं कुट्टीचं तोंड. तोंडात मका घातला की आत पाती फिरतात आनि चारा बारीक होऊन उडतो. इंजीन आनि पाती यांना जोडतो तो ह्यो पट्टा. पट्टा काढला की इंजीन नुसतं बोंबलतं, पाती जागची हलत नाय. म्हनून काशा मशीनपासून दहा पावलं जरी लांब गेला, तरी आदी पट्टा काढनार, गळ्यात घालनार, मंग जानार. च्या प्यायला गेला तरी पट्टा. देवळात गेला तरी पट्टा. मयताला खांदा द्यायचा तर एका खांद्यावर बांबू, गळ्यात पट्टा. कोनी हसलं की त्याचं एक ठरलेलं बोलनं हाय, "पट्टा माज्या गळ्यात, म्हनून बोटं तुमच्या हातात."

एकदा ताप आला म्हनून पालघरला दवाखान्यात गेला. नर्सबाई बोलली, "ते गळ्यातलं काढा."

हा बोलतो, "नाय काढनार."

"अहो, इथं मशीन कुठाय?"

"मशीन गावाला हाय. पट्टा काढून इथं ठेवला, कोनी उचलून नेला, तिकडं जाऊन लावला, मंग?"

बाई म्हनाली, "काका, तुमाला ताप डोक्यात गेलाय." मंग पट्ट्यासकट तपासला त्याला.

पट्ट्याची निगा अशी, की आमच्या रंजनानं, म्हंजे सुनेनं, तिच्या बाळाची पावडर एवढी नाय वापरली जेवडी हा पट्ट्याला लावतो. रबर गळ्याला चिकटू नये म्हनून. रातच्याला उशाला घेऊन झोपतो. आमच्या ह्यांचा लहानपनापासूनचा दोस्त तो. बायको नाय, पोर नाय, मासवणकडल्या रस्त्याला एकटाच ऱ्हातो.

दुसरी खोड सांगते. संध्याकाळी काम संपलं की सगळ्या मजुरांना रांगेत उभं करनार. "दाखवा." सगळ्यांनी दोनी हात पुढं करायचे. हा बोटं मोजत जानार. दहा. दहा. दहा. एकदा आमच्या शेजारच्या धर्मानं मस्करीत आंगठा दुमडून हात दाखवला. काशा पांढरा पडला, तिथंच खाली बसला. धर्मा खी खी करून हसला. काशा आठ दिवस त्याच्याशी बोलला नाय, आनि त्याच्या शेतात मशीन पन नेलं नाय.

पन माजी बोटं त्यानं कदी मोजली नाय. रांगेत माज्याजवळ आला की वर बगनार आनि इचारनार, "ढग येतात काय गं वयनी?" उन्हाळ्यात पन ह्येच इचारनार.

माज्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नाय. वीसेक वर्सं झाली. तवा मुरघास बिरघास कोनाला ठाऊक नव्हता, काशाच्या मशीनवर भाताच्या पेंढ्याची कुट्टी करायचो. पेंढा तोंडात अडकला व्हता, मी हात घालून काढत व्हते, मागं कोनीतरी इंजीन चालू केलं. फडकं गुंडाळलं आनि मला गाडीत घातलं, एवडंच मला आठवतं. दवाखान्यातून आले तवर गावात सगळ्यांना कळलं व्हतं. काशानंच चावडीवर उभं राहून सांगितलं, "मी चालू केलं. माजी चूक." त्याची सोयरीक ठरली व्हती, पोरीचा बाप येऊन बोलला, बोटं तोडनाऱ्याच्या घरी मुलगी देनार नाय. परत कोनी इचारायला आलं नाय.

मी आठ बोटांनी दूद काढायला शिकले. पैले दोन म्हयने म्हस लाथ मारायची, मंग तिला पन सवय झाली. म्हस काय बोटं मोजत नाय.

आता औंदाची गोष्ट सांगते.

मुरघास म्हंजे काय, तर मक्याच्या दान्यात दूद भरलं की मका हिरवाच तोडायचा, कुट्टी करायची, प्लास्टिक लावलेल्या खड्ड्यात घालायची आनि पायानं तुडवायची, आत हवा ऱ्हाता कामा नये. वर परत प्लास्टिक, त्याच्यावर माती. दीड म्हयन्यानं उघडलं की आंबूस वास येतो, ताडीसारका. म्हशी त्याच्यावर तुटून पडतात. पन झाकायच्या आदी खड्ड्यात पानी गेलं, की सगळं काळं पडून सडतं. आमच्या घरी तीन म्हशी. मुलाची बोईसरची कंपनी कदी चालू, कदी बंद, घर चालतं ते दुदावर. उन्हाळ्याचा चारा म्हंजे ह्यो एक खड्डा. तो माजा आनि धर्माचा अर्दा अर्दा.

त्या दिवशी सकाळपासून काम मस्त चाललं व्हतं. खड्डा अर्द्याच्या वर भरला. मी आनि रंजना आत तुडवत व्हतो, धर्मा मक्याच्या पेंड्या उचलून देत व्हता. दुपारी डोंगराच्या बाजूनं ढग वर आला. परतीचा पाऊस तिकडूनच येतो, आनि येतो तवा इचारून येत नाय.

धर्मा घाई करायला लागला. "काकी, पाय उचला! काशाकाका, वाढव की जरा!"

काशा बोलला, "घाई कोनाला?"

"मला! ढग दिसत नाय का?"

"ढगाला घाई असंल. मशीनला नाय."

मंग धर्मानं दोन पेंड्या एकदम दिल्या आनि मशीनमदी खडाम् करून आवाज झाला. असा आवाज, की झाडावरचे बगळे उडाले. काशानं इंजीन बंद केलं, पट्टा काढला, गळ्यात घातला, मंग आत बगितलं. आत धर्माचा विळा! पेंडीत ऱ्हायला व्हता. एका पात्याचा बोल्ट तुटला, ते पातं वाकडं झालं.

"माज्या विळ्याचं काय झालं?" धर्मा इचारतो.

"तुज्या विळ्याची कुट्टी झाली," काशा बोलला. "म्हशीला घाल."

दुसरं पातं त्याच्या पिशवीत व्हतं, पन बोल्ट नव्हता. बोल्ट आनायला बोईसरला जानं आलं. काशा फटफटीवर बसला. गळ्यात पट्टा तसाच.

धर्मा आडवा गेला. "पट्टा तरी ठेवून जा!"

"कशाला? पातं नाय तर पट्टा काय करनार?"

"मंग नेतोस कशाला?"

"गळ्यात असला की बरं वाटतं," असं बोलून गेला.

आता वाट बगनं. मी आयुष्यात पुष्कळ वाट बगितली, पन अशी नाय. बोईसरचा रस्ता म्हंजे ट्रक, टँकर आनि खड्डे. जायला किती लागंल, यायला किती लागंल, कोन सांगनार? धर्मा बांधावर जायचा, रस्ता बगायचा, परत यायचा, ढग बगायचा, परत बांधावर. मी खड्ड्यात नुसती तुडवत ऱ्हायले. तुडवायला नवीन काय पडत नव्हतं, पन पाय थांबवले की नजर ढगाकडं जायची. रंजना प्लास्टिकची टोकं सारकी करायची, परत उलगडायची, परत सारकी करायची.

धर्मा घरी जाऊन त्याच्या पंपाचा पट्टा घेऊन आला. लावून बगितला, इतभर कमी पडला. मंग सुंभाची दोरी बांधून बगितली. मी बोलले, "अरे, पातं नाय त्याला."

"पातं येनार हाय ना? तयारी करून ठेवतो."

"मंग पट्टा पन येनार हाय."

तो चिडला. दोरी फेकली. "तुमी त्याचीच बाजू घ्या काकी. ज्यानं तुमची बोटं घालवली त्याची! सोता मशीन नीट सांबाळलं नाय, आनि आता गळ्यात पट्टा घालून सगळ्या गावाला शिकवतो."

वीस वर्सं कोनी असं बोललं की मी काय बोलत नाय. आज पन खाली बगून तुडवत ऱ्हायले.

ढग डोक्यावर आला. वारा सुटला. रंजनाच्या मनात आलं, काशाकाका येईपर्यंत तोंडात अडकलेली कणसं तरी काढून ठेवू. ती खड्ड्यातून वर गेली आनि कोपरापर्यंत हात घालून कणसं ओढायला लागली. धर्मा इंजीनच्या बाजूला, त्याला ती दिसत नव्हती. एवड्यात रस्त्याला फटफटी दिसली.

"आला! आला!" धर्मा वरडला. आल्या आल्या काम सुरू व्हावं, इंजीन तवर तापलेलं असावं म्हनून त्यानं हँडल घातलं आनि गरकन फिरवलं.

इंजीन धडाडलं.

मला ते दिसलं. रंजनाचा हात आत, धर्माची पाठ इकडं, धूर वर. वीस वर्सांपूर्वीचा तोच आवाज, तीच घाई, असाच आलेला ढग. दोन बोटं जी नाय, ती दुखली.

इंजीन बोंबलत ऱ्हायलं. बाकीची पाती जागची हलली नाय. पट्टा रस्त्यावर व्हता, काशाच्या गळ्यात.

रंजनानं हात बाहेर काढला आनि हाताकडं बगत ऱ्हायली. धर्मानं वळून तिला बगितलं आनि इंजीन बंद करायचं पन इसरला. काशा आला, फटफटी तशीच आडवी टाकली, इंजीन बंद केलं आनि रंजनाचे दोनी हात धरले. मोजायला लागला. एकदा मोजले. परत मोजले. "दहा," तो बोलला. तिसऱ्यांदा मोजायला लागला तवा रंजना रडायला लागली.

धर्मा बोलला, "मला दिसली नाय... घाई झाली..."

काशा त्याला शिव्या घालील असं मला वाटलं. तो बोलला, "व्हतं. घाईत दिसत नाय मानसाला."

हे शब्द मी आदी ऐकले व्हते, बगा. आमचे हे शेवटच्या दुखन्यात असताना मला बोलले व्हते. "त्या दिवशी इंजीन मी चालू केलं व्हतं. ढग आला व्हता. घाईत तू दिसली नायस. काशा मला बोलला, तू तिच्यासोबत आख्खा जन्म काडनार, तू सांगू नको, मी सांगतो." मी ह्यांना माफ केलं, ते गेले. पन काशाला मी कदी बोलले नाय. कसं बोलू? गेलेल्या मानसाचं नाव खराब व्हईल, असं सोताला सांगत ऱ्हायले. जित्या मानसाचं खराब झालेलं दिसत व्हतं, तरी.

मी खड्ड्याच्या काठाला धरून वर आले.

"धर्मा," मी बोलले, "माजी बोटं काशानं नाय घालवली. तुज्या काकांनी इंजीन चालू केलं व्हतं. तुज्यासारकंच. ढग बगून."

काशा पट्ट्याला हात लावून उभा. मंग हळूच बोलला, "तुला ठाऊक व्हतं?"

"बारा वर्सं झाली."

"बोलली नायस."

"तू बोललास?"

पैला थेंब प्लास्टिकवर वाजला. काशा भानावर आला. "बोल्ट, बोल्ट!" पातं बसवलं, पट्टा लावला, आनि त्या दिवशी पैल्यांदा मी त्याला घाई करताना बगितला. धर्मा एक एक पेंडी झटकून देत व्हता. आमी बाया नाचल्यासारक्या तुडवत व्हतो. शेवटची माती टाकून व्हायला आनि पाऊस धो धो यायला एकच गाठ पडली. चार भिजलेली मानसं खड्ड्यावर उभी, आनि खाली चारा कोरडा.

पडवीत आलो. काशानं नेमानं रांग लावली. धर्मा, दहा. रंजना, दहा. माज्याजवळ आला आनि वर बगितलं. "ढग येतात काय गं..."

"ढग येऊन गेला," मी बोलले आनि दोनी हात पुढं केले. "मोज."

तो मोजायला लागला. सावकाश. मशीनवर काम केल्यासारकं एक एक बोट धरून. शेवटी जिथं बोटं नाय तिथं त्याचा आंगठा जरा थांबला.

"आठ," तो बोलला.

"बरोबर हायत?"

"बरोबर हायत, वयनी."

रंजनानं तांदळाच्या भाकऱ्या आनि सुक्या बोंबलाचं कालवन वाढलं. काशा पानावर बसता बसता उठला. गळ्यातला पट्टा काढला, इकडं तिकडं बगितलं, आनि आमच्या ह्यांची टोपी अडकवायची खुंटी हाय तिच्यावर अडकवला. मंग येऊन जेवायला बसला. भाकरी संपेपर्यंत त्यानं एकदा पन वळून तिकडं बगितलं नाय.