दुसऱ्या मजल्यावरचा तडा

कैरोच्या अख्ख्या शुब्रा मोहल्ल्यात माझ्याइतक्या डौलात ड्रॉइंगचा टी-स्क्वेअर खांद्यावर टाकून चालणारी मुलगी दुसरी नव्हती, हे मी शपथेवर सांगते! त्याला कापडी खोळ मिळते, पण मी ती कधी घातली नाही. खोळीत घातल्यावर लोकांना कसं कळणार, की इनास इंजिनिअरिंगला लागली म्हणून? मायक्रोबसमध्ये दोघातिघांना त्याचा टोला बसायचा. तेही मला "सांभाळून, बाशमुहंदिसा!" असंच म्हणायचे. मोठ्या इंजिनिअरला कैरोत असंच म्हणतात, आणि ते ऐकलं की मी वीतभर उंच व्हायचे.

खरं तर मला व्हायचं होतं कॉम्प्युटर इंजिनिअर. पण आमच्याकडे आधी सगळ्यांना एक वर्ष तयारीचं. पूल बांधणारे, मोटारी जुळवणारे आणि माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले एकाच हॉलमध्ये कोंबतात, लोखंड कानशीने घासायला लावतात आणि एकाच ठोकळ्याची वरून, पुढून, बाजूने चित्रं काढायला लावतात. मला तिन्हीकडून तो ठोकळा सारखाच दिसायचा. तीन आठवड्यांत मला एवढंच कळलं होतं, की मागच्या बाकावरच्या मुलालाही काही कळत नाही.

पण हे घरी सांगायची सोय नव्हती. माझा निकाल लागला त्या दिवशी आईने जिन्यात उभं राहून जीभ लवलवत आनंदाच्या किलकाऱ्यांचा असा काही गजर केला, की चौथ्या मजल्यावरचं मांजर आठ दिवस घरी परतलं नाही. तेव्हापासून आमच्या इमारतीची, म्हणजे सातही बिऱ्हाडांची मी इंजिनिअर. कुणाचा मिक्सर बंद पडो, कुणाच्या नळाला पाणी न येवो, "इनासला विचारा!"

अशात तिसऱ्या मजल्यावरच्या हाजी शाबानकाकांनी मला जिन्यात गाठलं. काका म्हणजे निवृत्त ट्रामचालक. अजूनही समोर कुणी आलं की त्यांचा पाय आपोआप घंटी वाजवायला जातो.

"बाशमुहंदिसा, हा तडा बघ."

दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर केसासारखी एक रेघ होती.

"काका, मी कॉम्प्युटरची..."

"मग काय झालं? माझा डोळ्यांचा डॉक्टर गुडघ्यालाही औषध देतो! सांग, घर पडतंय का?"

मला काय ठाऊक? पण मी डोळे बारीक केले, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "लक्ष ठेवावं लागेल."

इथेच थांबले असते तर काय बिघडलं असतं! पण कँटीनमध्ये वरच्या वर्गातल्या एकाने सांगितलेलं अर्धवट आठवलं. तड्यावर आडवी जिप्समची पट्टी लावायची आणि वर तारीख टाकायची. पट्टी फुटली, तर भिंत हलतेय. उरलेलं अर्धं मी ऐकलं नव्हतं, कारण तेवढ्यात माझं सँडविच आलं होतं.

लगेच जिप्सम आलं. बघायला सगळी इमारत जमली. तेलाच्या रंगाने गुळगुळीत झालेल्या भिंतीवर मी पट्टी थापली. ती काही केल्या वाळेना. तेव्हा आई केस वाळवायचं मशीन घेऊन आली आणि मी दहा मिनिटं पट्टीवर गरम हवा सोडली. मग पेनाने तारीख लिहिली आणि वळून, हाताची घडी घालून जाहीर केलं, "पट्टी शाबूत, तर घर शाबूत. पट्टीला चीर गेली, तर समजा घर हलतंय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी तर ते वाक्य पाठच केलं.

तीन दिवसांनी, रविवारी सकाळी (आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी) मी कॉलेजला निघाले, तर जिन्यात किंकाळी! दुसऱ्या मजल्यावरची उम्म झैनहुम, म्हणजे झैनहुमची आई, छाती पिटत होती.

"फुटली गं बाई! पट्टी फुटली! गेलं माझं घर!"

पट्टीला एक सोडून तीन चिरा गेल्या होत्या.

"थांबा मावशी, कदाचित पट्टीच..." मी म्हणाले. ऐकतंय कोण! अर्ध्या तासात सातही बिऱ्हाडं रस्त्यावर. फ्रीज, गाद्या, बदकांची खुराडी. उम्म झैनहुमच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. तिच्या संसारासाठी जमवलेली सतरा पातेली आणि अकरा ब्लँकेटं फुटपाथवर मांडलेली. काकांनी आपली आरामखुर्ची भर रस्त्यात टाकली आणि मागे तुंबलेल्या गाड्यांना हात करून सांगितलं, "इमारत पडतेय, दुसरीकडून जा!" वालासारखा बाकला उकडून विकणाऱ्याने हातगाडी तिथेच आणून लावली, कारण त्याला एवढं गिऱ्हाईक एका जागी कधी मिळायचं?

आई तर ज्याला त्याला सांगत होती, "माझ्या इनासने वेळेवर ओळखलं म्हणून सगळे वाचलो!" बायका येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. आणि माझं डोकं नुसतं गरगरत होतं. घर खरंच हलतंय, की पट्टी चुकली? मला खरोखर माहीत नव्हतं! काकांनी महापालिकेला फोन केला होता. आता तिथला इंजिनिअर येणार, घर धोक्याचं ठरवणार, दाराला लाल लाखेचं सील ठोकणार आणि सात बिऱ्हाडं कायमची रस्त्यावर येणार. कशामुळे? तर एका सँडविचमुळे!

महापालिकेचे वज्दी साहेब आले. काखेत फाइल, डोळ्यांत झोप. वर गेले, किल्लीने भिंत खरवडली आणि दोन मिनिटांत खाली आले.

"दारावरच्या घंटीची वायर कुणी तरी भिंतीत पुरलीय. वरचं लिंपण आकसलंय. भिंत ठणठणीत आहे. आणि तेलाच्या रंगावर, वर म्हणे गरम हवा मारून, जिप्सम कोण लावतं हो?"

मी बदकांकडे बघत राहिले.

आता सगळे उड्या मारत वर जातील असं तुम्हाला वाटलं असेल. एकही हलला नाही!

"दोन मिनिटांत काय कळतं?" काका गुरकावले. "आमच्या बाशमुहंदिसाने तीन दिवस लक्ष ठेवलंय!"

"सरकारी माणूस म्हणतोय पडत नाही," उम्म झैनहुम म्हणाली, "म्हणजे दुपारपर्यंत पडतंय!"

"अहो, मी तीस वर्षं हेच काम करतोय!"

"मग टी-स्क्वेअर कुठाय तुमचा?"

वज्दी साहेबांनी हात टेकले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, तूच सांग बाई यांना."

"सर, पण मला काहीच कळत नाही!"

"मला कळतं ना! तू फक्त तोंड उघड."

मी उघडलं. आवाज माझा मलाच परका वाटला. "घर मजबूत आहे. वर जा."

टाळ्या! सगळ्यांत आधी आई निघाली. डोक्यावर गादी, दोन्ही हातांत पिशव्या. "माझ्या लेकीने सांगितलंय ना? चला!" आणि ती धडधडत जिना चढू लागली. तेव्हा मात्र माझ्या मनात आलं, वज्दी साहेब चुकले असले तर? माझी आई माझ्या शब्दावर चढत होती, आणि माझा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच उसना घेतला होता. तिला हाक मारून थांबवावं असं फार वाटलं. पण तिच्यामागे फ्रीज होता, फ्रीजमागे पातेली होती आणि खाली उभी मी एकटीच उरले होते.

शेवटी मीही निघाले. चपला हातात घेतल्या, श्वास रोखला आणि एकेक पायरी चवड्यावर चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर वज्दी साहेब अहवाल लिहीत उभे होते.

"हे काय? अनवाणी?"

"सर, भिंतीवर भार नको म्हणून."

साहेब जे हसत सुटले, ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, हातातून फाइल खाली. हसता हसता तोल गेला आणि आधारासाठी त्यांनी भिंतीवर हात टेकला, नेमका त्या तड्यावर.

मी एवढ्या जोरात किंचाळले, की सातही बिऱ्हाडं पुन्हा रस्त्यावर आली.