चौदा मीटर स्वच्छ

कोणतीही वस्तू मुळात स्वच्छ किंवा घाण नसते. ती कुठून कुठपर्यंत मोजली, यावर ते ठरतं. हे एकदा मनाला पटलं की माणसाला शांत झोप लागते. तैवानातल्या शिंचू शहरातल्या आमच्या संस्थेत तर दुपारचे डबे संपले की दिवे मालवून, टेबलावर उशा ठेवून, संचालकांपासून शिपायापर्यंत सगळेच शांत झोपतात.

आमचं काम जीवनचक्र मूल्यमापनाचं. म्हणजे एखादा सौरघट घेतला, तर खाणीतून माती निघाल्यापासून तो भंगारात जाईपर्यंत त्यानं जगाचं किती बिघडवलं आणि त्यापायी खर्च किती आला, हे आम्ही मोजतो. अकरा वर्षांत आम्ही चौऱ्याहत्तर वस्तू मोजल्या. चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर पर्यावरणपूरक निघाल्या. (इतका गुणी निसर्ग दुसऱ्या कुठल्या बेटाला लाभला असेल, असं वाटत नाही.)

पंचाहत्तरावी वस्तू म्हणजे चांदीच्या नॅनोतारांचा सौरघट. या तारा केसापेक्षा हजारपट बारीक असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी वाईट बोलायला फारशी जागा उरत नाही. शेजारच्या कारखान्यात त्या बनत. बनल्या की काचेची भांडी धुवावी लागत, आणि ते काम फंग मावशींकडे होतं. मावशी सत्तावन्न वर्षांच्या, बेईपू गावच्या, हाक्का समाजातल्या. आठ महिने त्यांना खोकला होता, पण बोलण्यात त्याचा अडथळा येत नसे.

या घटाचा तक्ता भरायचं काम आमच्या संस्थेतल्या ल्याव यी-रोंगकडे आलं. मुलगी हुशार, पण तिला एक वाईट खोड होती. ती जागेवर जाऊन बघायची.

तिनं बघितलं ते असं : एक ग्रॅम तार बनवायला दीड बादली स्पिरिट आणि अकरा धुणी लागतात. धुतलेली भांडी मावशी हवेच्या नळीनं सुकवतात. त्या वेळी खोलीत चकचकीत धूळ उडते.

"छान दिसते ना?" मावशी म्हणाल्या. "श्रीमंत देवळातसुद्धा एवढी चांदी नसेल. मी रोज फुकट खाते."

"मावशी, मास्क?"

"दिलाय की. वाढदिवसाच्या पार्टीत घालतात तसला." मग खोकून झाल्यावर त्यांनी तक्त्यात डोकावून विचारलं, "यात माझा रकाना कुठला गं?"

रकाना होता. 'कामगारांच्या श्वासावाटे होणारा परिणाम.' ल्यावनं त्यात प्रामाणिकपणे 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं. संगणकानं ते नाकारलं. त्याला अक्षरं चालत नाहीत. अशा वेळी आमच्याकडे शून्य भरायची पद्धत आहे.

ल्याव शून्य भरेना. समितीची बैठक बोलवावी लागली.

"माहिती नाही म्हणजे काय?" अध्यक्ष डॉ. कू यांनी विचारलं.

"कोणी मोजलं नाही, सर."

"म्हणजे परिणाम आढळला नाही."

"शोधलाच नाही तर आढळेल कसा?"

"तेच तर! दोघं एकच म्हणतोय आपण." डॉ. कूंनी चहा मागवला.

त्याच बैठकीत घटाच्या आयुष्याचा प्रश्नही सुटला. बनवताना खर्ची पडलेली वीज परत मिळवायला घटाला सहा वर्षं लागत होती, आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यात तो चार वर्षांत मरत होता. समितीनं आयुष्य तीस वर्षं धरलं. तीस वर्षं टिकत नाही हे सिद्ध करायला तीस वर्षं लागतील, आणि तोवर समिती निवृत्त झालेली असेल.

ल्याव मात्र ऐकेना. तिनं स्वतःच्या पैशानं चांगले मास्क आणले, मावशींना तीन आठवडे घालायला लावले आणि वापरलेले मास्क ताइनानच्या एका वर्गमित्राच्या प्रयोगशाळेत पाठवले. मास्कमध्ये चांदी निघाली. तो आकडा तिनं एका नियतकालिकात छापून आणला, दीड पान. आमच्या नियमानुसार छापलेला आकडा घ्यावाच लागतो. तो घातल्याबरोबर तक्त्यात हा पंचाहत्तरावा घट लाल झाला, म्हणजे नापास.

संस्थेत अशी शांतता मी जेवणानंतरसुद्धा अनुभवली नव्हती.

डॉ. कू थोर माणूस. त्यांनी कोणाला रागावलं नाही. त्यांनी नकाशा मागवला. "आपल्या मोजणीची हद्द कुठवर?"

"कामगारांच्या बाबतीत कारखान्याच्या दारापर्यंत," मी म्हणालो.

"मग धुणं दाराबाहेर होऊ दे."

आठवड्याभरात रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड उभी राहिली. एका कंत्राटदारानं मावशींना तिकडे कामाला ठेवलं. तीच भांडी, तीच हवेची नळी. अंतर चौदा मीटर. भांडी स्कूटरवरून जात-येत, आणि त्या स्कूटरचं पेट्रोल आम्ही दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत प्रामाणिकपणे धरलं. ल्यावचा आकडा समितीनं सानंद स्वीकारला आणि 'अन्य व्यवस्थेशी संबंधित' म्हणून परिशिष्टात ठेवला.

"मी रस्ता ओलांडला आणि हवा शुद्ध झाली?" मावशी शेडच्या दारातून ओरडल्या. "मग मला समुद्रात ढकला ना! अख्खं तैवान शुद्ध होईल!"

सूचना विचारार्ह होती. पण समुद्र आमच्या खात्यात येत नाही.

अहवालावर ल्यावनं सही केली नाही. तिच्या जागी मी केली.  नियमाला सही लागते, कोणाची ते नाही. ल्यावनं राजीनामा दिला. जाण्याआधी ती शेडमध्ये गेली, मावशींच्या हातातली नळी बंद केली आणि म्हणाली, "मावशी, चला. तुमच्या छातीचा फोटो काढायचाय."

"आणि पगार?"

"फुफ्फुस एकदा गेलं की पगार काय कामाचा?"

 मावशी एप्रन खिळ्याला अडकवून तिच्यामागे गेल्या.

आता त्या भावाच्या अंगणात तांदळाच्या शेवया वाळत घालतात. डॉक्टरांनी कारण 'अनिश्चित' लिहिलं, पण खोकला चार महिन्यांत उतरला. पूर्ण गेला नाही. ल्याव म्याव्लीच्या एका कॉलेजात शिकवते. दर शनिवारी ती शेडमधल्या नव्या बाईला मास्क आणून देते आणि जुने घेऊन जाते. कंत्राटदार तिला दारात उभं करत नाही, म्हणून ती रस्त्यावर थांबते.

घटाला हिरव्या पानाचा पुरस्कार मिळाला. प्रदर्शनात मी त्याच्यापाशी उभा असतो. लोक फार जाणते आहेत, नेमके प्रश्न विचारतात. वीजबिल किती कमी होईल? पाऊस लागला तर? छपरावर शोभेल ना? भांडी कोण धुतं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

तुमच्याही मनात आत्ता 'हा घट कितीला पडतो?' हेच आलंय, हे मला कळतंय. संकोच करू नका. स्वस्त आहे.